खतावणीपासून सहीपर्यंत

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने बी.कॉम. पूर्ण केले की घरातून, शेजारून आणि कॉलेजातून दोनच सल्ले मिळतात. पहिला 'सीए कर', दुसरा 'पुण्याला जा'. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की हिशेबाचे खरे काम मोठ्या शहरात चालते आणि गावाकडे उरते ती किराणा दुकानाची वही. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार बड्या कंपन्यांची नावे आता तालुक्याच्या कॉलेजातही माहीत असतात. तिथे नोकरी लागली तर पेढे वाटले जातात. नाही लागली तर बँकेची परीक्षा, तलाठ्याची परीक्षा, पोलीस भरती असा क्रम सुरू होतो आणि तीन वर्षे शिकलेले लेखाशास्त्र बाजूला पडते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. वाशिमसारख्या जिल्ह्यात हिशेबाचे काम भरपूर आहे आणि त्यातले बरेचसे कायद्याने सक्तीचे आहे. ते इतके विखुरलेले आहे की नोकरीच्या जाहिरातीत दिसत नाही, एवढेच. त्या कामावर घर चालेल की नाही, हे गाव किंवा शहर यावरून ठरत नाही. लेखापाल नुसत्या नोंदी करतो, की त्याची सही कायद्यापुढे चालते, यावरून ते ठरते.

आधी जिल्हा पाहू. 1905 पर्यंत वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. त्या वर्षी तो अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा निघाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 11 लाख 97 हजार होती आणि शहरी भागात राहणारे शंभरात अठराही नव्हते. 2018 मध्ये केंद्राने देशभरातले मागास जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशिम होता. सोयाबीन, तूर, हरभरा, थोडा कापूस, रिसोडच्या बाजूला हळद अशी इथली पिके. मोठा कारखाना नाही, कंपन्यांची मुख्यालये नाहीत. मग लेखापालाला काम कुठले, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण हिशेब कारखान्याला चिकटलेला नसतो, व्यवहाराला चिकटलेला असतो. आणि शेतमालाच्या व्यवहाराइतका गुंतागुंतीचा हिशेब फार थोड्या धंद्यांत असेल.

कारंजा किंवा वाशिमच्या बाजार समितीत आलेली सोयाबीनची एक ट्रॉली घ्या. लिलाव होतो, काटापट्टी फाटते, त्यावरून हिशोबपट्टी तयार होते. हमाली आणि तोलाई शेतकऱ्याच्या रकमेतून कापली जाते. अडत आणि बाजार फी यांची वेगळी नोंद होते. माल विकणारा शेतकरी असेल तर त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. तोच माल व्यापाऱ्याने पुढे सोयाबीन प्लांटला दिला की पाच टक्के कर येतो. शेजारच्या ढिगातली सुटी तूर करमुक्त असते. तिची डाळ करून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पिशवीत भरली की जुलै 2022 पासून तिलाही कर लागतो. गाडी निघताना ई-वे बिल लागते. खरेदीदार मोठा असेल तर रक्कम देताना टीडीएस कापतो आणि तो आपल्या नावावर दिसतो आहे का, हे व्यापाऱ्याला वर्षअखेरीस पडताळावे लागते. एका ट्रॉलीमागे एवढे कागद असतील, तर हंगामात एका अडत दुकानात किती होत असतील? पूर्वी हे सगळे दुकानातले मुनीम सांभाळत. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा झाली की मागच्या सालाचा हिशेब मिटे. त्यांचे अक्षर वळणदार असे आणि तेरीज चुकत नसे. पण ते दुकानाचे नोकर होते. त्यांची सही दुकानाबाहेर चालत नव्हती.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हे चित्र बदलले. योगायोग असा, की वाशिम जिल्ह्याचा जन्म, 1949 मध्ये झालेली सनदी लेखापाल संस्थेची स्थापना आणि जीएसटीचा आरंभ हे तिन्ही 1 जुलैचेच. वर्षातून एकदा सीएकडे थैली घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला आता विक्रीचे विवरणपत्र महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि कराचे 20 तारखेपर्यंत भरावे लागते. जानेवारी 2021 पासून पाच कोटींच्या आतल्या उलाढालीला तिमाही विवरणाची मुभा मिळाली, तरी कर दरमहा भरावाच लागतो. उशीर झाला की दिवसामागे विलंब शुल्क लागते. यातून हिशेबाचे काम वार्षिक न राहता बारमाही झाले. याच कायद्याने आणखी एक दार उघडले, ज्याची चर्चा कॉलेजात क्वचितच होते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 48 आणि नियम 83 नुसार वाणिज्य शाखेचा पदवीधर 'जीएसटी प्रॅक्टिशनर' म्हणून नोंदणी करू शकतो. त्यासाठीची परीक्षा राष्ट्रीय सीमाशुल्क, अप्रत्यक्ष कर व अमली पदार्थ अकादमी घेते. ती उत्तीर्ण झालेला पदवीधर करदात्याच्या वतीने विवरणपत्रे भरू शकतो आणि परताव्याचे अर्ज करू शकतो. मोठ्या उलाढालीच्या वार्षिक ताळमेळावर सीएचे प्रमाणपत्र सक्तीचे होते, तेही 2021 मध्ये काढून टाकले गेले. म्हणजे एका संपूर्ण करप्रणालीत नुसत्या बी.कॉम.ला कायदेशीर जागा आहे. आयकरातही वाणिज्य पदवीधराला अधिकृत प्राप्तिकर व्यवसायी म्हणून नोंद करून घेण्याची तरतूद फार जुनी आहे.

दुसरे दार सहकाराचे आहे आणि महाराष्ट्रात ते सर्वांत रुंद आहे. जिल्ह्यातल्या गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या, पतसंस्था, पगारदारांच्या संस्था, दूध संस्था, खरेदी-विक्री संघ या सगळ्यांना 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 81 लागू आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांच्या आत लेखापरीक्षण झालेच पाहिजे. 2013 च्या दुरुस्तीनंतर संस्था आपला लेखापरीक्षक शासनमान्य नामतालिकेतून वार्षिक सभेत नेमते आणि एकच लेखापरीक्षक सलग तीन वर्षांहून अधिक काळ ठेवता येत नाही. या नामतालिकेत सीए असतात, तसे 'प्रमाणित लेखापरीक्षकही' असतात. त्यासाठी कायद्याने तीन गोष्टी मागितल्या आहेत: मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, सहकार व लेखा पदविका म्हणजे जी.डी.सी. अँड ए. आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. शिवाय मराठीचे कामचलाऊ ज्ञान हवे, अशी अट कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे आणि ती सीएलाही लागू आहे. मराठी वाचता-लिहिता येणे ही जिथे कायदेशीर पात्रता आहे, असे लेखा व्यवसायाचे दुसरे क्षेत्र सापडणे कठीण. किर्द आणि खतावणी मराठीत, सभेचे इतिवृत्त मराठीत, सचिवाची सबबही मराठीत, तेव्हा ही अट व्यवहाराला धरूनच आहे.

पदविकेची परीक्षा सहकार आयुक्तालय वर्षातून एकदा, साधारण मे महिन्यात घेते. सहा विषय असतात. लेखाशास्त्र आणि लेखापरीक्षण यांच्या जोडीला सहकाराचा इतिहास व व्यवस्थापन, सहकारी कायदा, बँका-पतसंस्था आणि गृहनिर्माणसह इतर संस्था. बी.कॉम. झालेल्याला यातले निम्मे ओळखीचे असते. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पदवी, पुढच्या मे महिन्यात पदविका, तोवर आणि त्यानंतर एखाद्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली तीन वर्षे, असे गणित मांडले तर पंचविशी-सव्विशीत नामतालिकेवर नाव येऊ शकते. त्या नावाला जबाबदारी चिकटलेली असते. संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी वर्ग द्यायचा, दोष नोंदवायचे, संस्थेकडून आलेला दोषदुरुस्ती अहवाल तपासायचा आणि अपहार आढळला तर निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा. गेल्या काही वर्षांत मराठवाडा-विदर्भातल्या ठेवीदारांनी पतसंस्थांच्या दारात घातलेले खेटे आठवले, तर ही सही किती मोलाची आहे ते वेगळे सांगायला नको.

तिसरे दार नवे आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना जाहीर केली. राज्यात त्याच्या आधीपासून आणि समांतर प्रकल्प चालू होते. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांचा 'केम' प्रकल्प, पंधरा जिल्ह्यांची नानाजी देशमुख कृषी संजीवनी योजना, जागतिक बँकेच्या मदतीचा 'स्मार्ट' प्रकल्प. यांतल्या पहिल्या दोहोंच्या यादीत वाशिम आहे आणि 'स्मार्ट' तर राज्यभराचा आहे. त्यामुळे इथे उत्पादक कंपन्या सहज स्थापन झाल्या. पण 'कंपनी' हा शब्द पाटीवर आला की कंपनी कायदाही दारात येतो. उत्पादक कंपनीची उलाढाल कितीही छोटी असो, वैधानिक लेखापरीक्षण सक्तीचे आहे, अंतर्गत लेखापरीक्षणही सीएकडूनच करून घ्यायचे आहे, वार्षिक सभा घ्यायची आहे, ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकांकडे ऑनलाइन दाखल करायचे आहे. 2018 पासून या दोन्ही फॉर्मना उशीर झाल्यास प्रत्येकी रोज शंभर रुपये जादा शुल्क आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर 73 हजार रुपये. सलग तीन वर्षे राहिले तर संचालक, म्हणजे गावातले दहा शेतकरी, इतर कुठल्याही कंपनीत संचालक होण्यास अपात्र ठरतात. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना बदलांचा माग ठेवणारीच हिशेबप्रणाली वापरणे बंधनकारक आहे, म्हणजे मागची नोंद गुपचूप खोडायची सोय संपली. सोयाबीनचे बियाणे प्रतवारी करून विकायला निघालेल्या शेतकऱ्यांना हे सगळे कोण समजावणार?

योजनेने यासाठी लेखापालाची तरतूद केली आहे आणि इथेच या लेखातला सर्वांत बोलका आकडा सापडतो. दहा हजार संस्थांच्या योजनेत तीन वर्षांपर्यंत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला दरमहा कमाल 25 हजार आणि लेखापालाला कमाल 10 हजार रुपये धरले आहेत. लेखापालाची किमान पात्रता मात्र बारावी. राज्याने 2024 मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधर प्रशिक्षणार्थीला विद्यावेतन होते तेही दरमहा दहा हजार. म्हणजे एका योजनेत बारावीला आणि दुसरीत कुठल्याही पदवीधर शिकाऊ उमेदवाराला जो दर, त्याच दरात शासन हिशेबनिसाला मोजते. हा दर व्हाउचर लावणे आणि संगणकात नोंद करणे या कामाचा आहे. बी.कॉम.ची तीन वर्षे या कामात घातली तर दहा हजारांच्या वर जाणे कठीण, हे मान्य करायला हवे. पण याच कंपनीच्या ताळेबंदावर सही करणारा, विवरणपत्र वेळेत दाखल करून 73 हजारांचा दंड वाचवणारा किंवा बँकेसमोर खेळत्या भांडवलाची मागणी मांडणारा माणूस या दराने येत नाही. काम त्याच कंपनीचे आणि कागदही तेच असतात, फरक फक्त अधिकाराचा असतो.

याखेरीज लहान-मोठी कामे पुष्कळ आहेत. 'उमेद'चे प्रभागसंघ आणि 'माविम'ची लोकसंचालित साधन केंद्रे महिला बचत गटांचे कर्ज-वसुलीचे हिशेब ठेवतात. ग्रामपंचायतींना लेखासंहितेचे 1 ते 33 नमुने आणि वित्त आयोगाच्या निधीची ऑनलाइन नोंद सांभाळावी लागते. शिरपूर, पोहरादेवी, कारंजा ही तीर्थक्षेत्रे आहेत आणि गावोगाव शिक्षणसंस्था आहेत. अशा सार्वजनिक न्यासांना 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली हिशेब तपासून घ्यावे लागतात, आयकराची सूट हवी असेल तर तिथले वेगळे अहवाल लागतात. शासनसेवेची वाटही खास वाणिज्यची आहे. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतल्या पदासाठी लोकसेवा आयोग कुठलीही पदवी चालवून घेत नाही. किमान 55 टक्क्यांची वाणिज्य पदवी, सीए, परिव्यय लेखापाल किंवा वित्त विषयातले व्यवस्थापन शिक्षण मागतो. जिल्हा परिषदेत कनिष्ठ लेखाधिकारी आणि लेखा सहाय्यकांची पदे असतात, शिवाय कोषागार आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेची कार्यालये आहेत. स्पर्धा परीक्षेला बसणारे हजारो वाणिज्य पदवीधर सर्वांसाठी खुल्या असलेल्या पदांच्या गर्दीत उभे राहतात आणि जिथे गर्दी आधीच गाळलेली आहे तिकडे लक्ष देत नाहीत.

आता सीएच्या वाटेबद्दल. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. अंतिम परीक्षेत दोन्ही गट एकत्र उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण नोव्हेंबर 2023 मध्ये 9.42 टक्के आणि मे 2024 मध्ये 19.88 टक्के होते. एका प्रयत्नाचे आकडे म्हणजे सगळी कथा नव्हे, लोक पुन्हा बसतात आणि पासही होतात. तरी 'सीए कर' असे म्हणणाऱ्याने उरलेल्यांचे काय, याचे उत्तर द्यायला हवे. 'इंटर झाले, फायनल बाकी' अशा अवस्थेत वर्षे काढणारे तरुण प्रत्येक गावात आहेत आणि त्यांना अपयशी समजले जाते. वास्तविक इंटरपर्यंतचा अभ्यास आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, इतकी शिदोरी असलेला माणूस सहकारी लेखापरीक्षणात किंवा जीएसटीत कुणाच्याही पुढे असतो. त्याला कमतरता असते ती दुसऱ्या एका सहीच्या अधिकाराची, आणि तो जी.डी.सी. अँड ए.सारख्या परीक्षेने मिळू शकतो. सीए करायचेच असेल तर नियमही आता थोडे सोयीचे आहेत. वाणिज्य शाखेत 55 टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला प्रवेश आहे. 2023 च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. सनदी लेखापाल संस्थेची शाखा अकोल्यात आहे, वाशिमपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास.

इथे पहिला आक्षेप येतो, की लहान फर्ममध्ये शिकायला काय मिळते? मोठ्या फर्मची शिस्त, मोठी कागदपत्रे, परदेशी ग्राहक यांचा अनुभव मोलाचा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे लेखापरीक्षण करायचे ज्याने ठरवले आहे त्याने तिकडे जावेच. पण मोठ्या फर्ममध्ये काम वाटलेले असते. वर्षभर एकाच बँकेच्या कर्जखात्यांचे नमुने तपासणारा नवशिका असतो. अकोला-वाशिमच्या लहान फर्ममधल्या आर्टिकलला एप्रिलमध्ये पतसंस्था, जुलैत पगारदारांची विवरणपत्रे, सप्टेंबरात जिनिंगवाल्याचे करलेखापरीक्षण, मधल्या काळात न्यास आणि उत्पादक कंपनी असे सगळे हाताखालून घालवावे लागते. ग्राहकाशी थेट बोलावे लागते. विद्यावेतन कमी मिळते, कारण सनदी लेखापाल संस्थेचे किमान दरच गावाच्या लोकसंख्येनुसार उतरतात. हा तोटा खरा आहे. पण स्वतःचा व्यवसाय थाटायचा असेल तर दुसऱ्या प्रकारचे शिक्षण अधिक उपयोगी, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप यंत्राचा आहे. पाच कोटींच्या वरच्या व्यवसायांना ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. त्यामुळे बिल काढताच ते विवरणपत्रात आपोआप पोचते. खरेदीवरच्या कराचे जमापत्रक पोर्टलच तयार करते. जून 2022 मध्ये केंद्राने 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला 2,516 कोटी रुपये मंजूर केले, त्यात गावची सोसायटीही आली. मग माणूस कशाला? या प्रश्नाचे उत्तर आक्षेपातच दडलेले आहे. यंत्राने नोंदीचे काम खाल्ले आहे आणि पुढेही खाणार आहे. म्हणूनच केवळ टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स करून थांबणाऱ्याचे भविष्य पुण्यातही धूसर आहे. पण सोसायटीचे संगणकीकरण करताना सभासदाच्या खात्यातली बाकी, सोसायटीच्या खतावणीतली बाकी आणि जिल्हा बँकेच्या पुस्तकातली बाकी या तिन्ही जुळत नसतील, तेव्हा कुठली खरी हे यंत्र सांगू शकत नाही. ते ठरवायला जुने कर्जरोखे, वसुलीच्या पावत्या, कर्जमाफीच्या याद्या वाचाव्या लागतात आणि गटसचिवाशी, सभासदाशी बोलावे लागते. पोर्टलवरची नोटीसही यंत्रच पाठवते, तिचे उत्तर मात्र कुणाला तरी लिहावे लागते. 1961 च्या आयकर कायद्याच्या जागी आलेला 2025 चा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू होतो. कलमांचे क्रमांक बदलतात, फॉर्म बदलतात. अशा प्रत्येक बदलासोबत समजावून सांगण्याचे काम वाढतेच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, तो पैशांचा. लहान संस्थेचे शुल्क किरकोळ, व्यापारी 'हंगामानंतर बघू' म्हणणार, हंगाम बुडाला तर तेही नाही. शिवाय प्रत्येक तालुक्यात जीएसटी भरून देणाऱ्यांची दुकाने आधीच आहेत आणि एकमेकांचे दर पाडत आहेत. हे सगळे मान्य. पण दर कुठल्या कामाचे पडतात ते पाहावे. ज्या कामाला परवाना लागत नाही आणि जे कुणीही पोर्टलवर बसून करू शकतो त्याचे दर पडतात. त्यावर उपाय गाव सोडण्यात नाही, जबाबदारीच्या पायरीवर चढण्यात आहे. दुसरा उपाय कामांची मोळी बांधण्याचा. एका उत्पादक कंपनीला पूर्ण वेळ लेखापाल परवडत नाही, विशेषतः योजनेची तीन वर्षे संपल्यावर. पण एका तालुक्यातल्या पाच कंपन्यांनी मिळून एक जाणता माणूस ठेवला आणि प्रत्येकीने समजा चार हजार दिले, तर त्याला वीस हजार होतात आणि कंपनीचा खर्च निम्म्याहून कमी होतो. त्याला चार पतसंस्था, दोन न्यास, पंधरा-वीस व्यापारी यांची जोड मिळाली तर तो कुणाचा नोकर राहत नाही. इथले खरेखुरे करिअर हे असे अनेक लहान कामांचे असते. एका नियुक्तिपत्राची वाट पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

चौथा आक्षेप उघडपणे कुणी घेत नाही, पण तो आहे. गावात राहून सही करायची म्हणजे ओळखीच्या माणसाविरुद्ध अहवाल लिहायचा. पतसंस्थेचा अध्यक्ष नात्यातला, संचालक पक्षातला, सचिव शाळेतला सोबती. मुंबईहून आलेला लेखापरीक्षक अहवाल देऊन निघून जातो, इथल्याला उद्या बाजारात त्यांच्यासमोरून जावे लागते. ढिला लेखापरीक्षक निवडण्याकडे संस्थांचा कल असतो आणि कडक माणसाला काम मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. कायद्याने तीन वर्षांची मर्यादा घातली ती यासाठीच, पण ती पुरेशी नाही. नामतालिकेवर नवी नावे जितकी अधिक येतील तितकी मूठभरांची मक्तेदारी मोडेल. आणि एवढे ध्यानात ठेवावे, की ओळख हा धोका आहे तसा आधारही आहे. कुठल्या सभासदाच्या नावावर कर्ज आहे आणि तो तीन वर्षांपूर्वीच वारला आहे, हे बाहेरच्याला कागदावरून कळत नाही. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या बचत गटातल्या बाईला तिच्या कर्जाची बाकी तिच्या बोलीत सांगणारा लेखापाल तिथल्याच मातीतला असावा लागतो.

मग अडते कुठे? कॉलेजात. वाशिमच्या राजस्थान आर्य महाविद्यालयापासून कारंजाच्या गोयनका महाविद्यालयापर्यंत वाणिज्य शिकवणारी कॉलेजे जिल्ह्यात जुनी आहेत आणि ती संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक दिले आहेत. हे प्रशिक्षण एखाद्या दुकानाचे प्रमाणपत्र आणून उरकण्याऐवजी सेवा सोसायटीची एका वर्षाची किर्द तपासणे, उत्पादक कंपनीचे वार्षिक विवरण तयार करणे, अडत दुकानाच्या महिन्याच्या हिशोबपट्ट्या जीएसटीशी जुळवणे, असे ठरवून दिले तर विद्यार्थी पदवीबरोबरच धंद्याची ओळख घेऊन बाहेर पडेल. सहकार खात्याची यंत्रणा, म्हणजे जिल्हा उपनिबंधक आणि जिल्हा विशेष लेखापरीक्षक, वाशिम शहरातच आहे. तिने कॉलेजांशी मिळून दरवर्षी पदविकेच्या परीक्षेची तयारी घेतली आणि तीन वर्षांच्या अनुभवासाठी नामतालिकेवरच्या लेखापरीक्षकांकडे नवे पदवीधर जोडून दिले, तर यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. उत्पादक कंपन्यांना निधी देणाऱ्या प्रकल्पांनी लेखापालाची पात्रता बारावीवर ठेवण्याचा आणि प्रत्येक कंपनीला वेगळा दहा हजारांचा माणूस देण्याचा हट्ट सोडावा. तोच पैसा तालुकानिहाय सामाईक लेखासेवेला द्यावा.

पालकांनीही एक हिशेब मांडून पाहावा. पुण्यात खोली, मेस, प्रवास यांत पगाराचा केवढा वाटा जातो आणि पाच वर्षांनी मुलाच्या नावावर कुठला अधिकार जमा होतो, हे विचारावे. उत्तर समाधानकारक असेल तर त्याने खुशाल जावे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो, जायला रस्ता चांगला आहे. पण तिथेही वर्षानुवर्षे नोंदीच करणार असेल तर गाव सोडून हाती काही लागले नाही, असेच म्हणावे लागेल. आणि इथे राहून केवळ दुसऱ्याच्या लॉगिनवर विवरणपत्रे भरणार असेल तर गावात राहूनही तेच.

या दिवाळीत निकाल हातात घेऊन बसलेल्या वाणिज्य पदवीधराला म्हणूनच सांगणे एवढेच आहे. 'नोकरी कुठे आहे' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि आपली सही कुठल्या कागदावर चालेल, असे विचारा. सीए होणार असाल तर निष्ठेने व्हा. होणार नसाल तर येत्या मेमधल्या सहकार व लेखा पदविकेचा अर्ज भरा, जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी करा, 55 टक्के असतील तर वित्त व लेखा सेवेची तयारी करा. यांपैकी एक तरी अधिकार तीन-चार वर्षांत मिळवा. जिल्ह्यातल्या सोसायट्यांना, पतसंस्थांना आणि उत्पादक कंपन्यांना दर वर्षी हिशेब तपासून घ्यावाच लागणार आहे, कायद्याने त्यांना दुसरा पर्याय ठेवलेला नाही.